दामूशेठचा दम

दामूशेठ पष्टे मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर गोटी सोडा विकायचा आणि गिऱ्हाइकांचे श्वास मोजायचा. त्याचा स्वतःचा दम मात्र दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना दोनदा संपायचा. मी त्याच्याकडे एक्क्याण्णव साली बाटल्या धुवायला लागले, ते तो मुरबाड सोडून जाईपर्यंत धूत होते. तोंडावर मी त्याला अहोजाहो करायचे. इथं करत नाही. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होता आणि आता त्याला राग येण्याचा प्रश्न नाही.

समोर एका डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांनी शेठला फार पूर्वीच सांगून ठेवलं होतं, "बिडी सोडली नाहीत तर एक दिवस म्हशाची जत्रा तुमच्याशिवाय भरेल." म्हसा हे मुरबाडजवळचं गाव, तिथली जत्रा पौषात भरते. बैल, घोंगड्या, पाळणे, आणि ह्या सगळ्यांवर एक वीतभर धूळ. सोड्याचा खप तिथं जेवढा व्हायचा तेवढा मुरबाडला दोन महिन्यांत होत नसे. शेठनं एकही जत्रा चुकवली नव्हती. देवाला तो घाबरत नसे, बायकोला थोडा घाबरायचा, पण आपल्याशिवाय जत्रा भरेल ह्या विचारानं त्याला घाम फुटायचा. तरी बिडी ओढायचाच. म्हणायचा, "धूर आत गेला का नळी साफ होते." श्वासाबद्दल सगळ्या तालुक्याला शिकवणारा माणूस स्वतःच्या बाबतीत इतका बिनडोक होता, हे आधीच सांगून टाकते.

आता गोटी सोडा पुष्कळांनी पाहिलेला नसतो. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी असते आणि वर रबराची चकती. बाटलीत पाणी भरायचं, ती यंत्रात धरून वरून गॅस मारायचा, चाक फिरवायचं. गॅसच्या दाबानं गोटी वर येऊन रबराला चिकटते. गोटी वर बसली की सोडा झाला. गोटी खाली घरंगळली की बाटली फुसकी, परत गॅस मारायचा. गोटी खाली, गॅस कमी. ह्यापलीकडे त्या धंद्यात अक्कल लागत नाही, आणि म्हणून शेठची बरीचशी अक्कल शिल्लक राहायची.

पावसाळ्यात सोड्याला कुत्रं विचारत नाही. तेव्हा शेठ दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसायचा आणि पेशंटांना डॉक्टरांच्या आधी तपासायचा. असाच एकदा एका माणसाला तो सांगत होता, "आंबट ढेकर येतात ना? मग इथं कशाला बसलाव? माझा सोडा प्या. आंबट जागच्या जागी मरतंय."

डॉक्टरांनी आतून ऐकलं. लघवी तपासायला त्यांच्याकडे निळ्या कागदाच्या बारीक पट्ट्या असत. ते बाहेर आले आणि म्हणाले, "शेठ, तुमची एक बाटली मागवा."

मीच नेऊन दिली. डॉक्टरांनी साध्या पाण्यात पट्टी बुडवली, ती निळीच राहिली. सोड्यात बुडवली, तर तांबूस झाली.

"आंबट आहे तुमचा सोडा," डॉक्टर म्हणाले.

"लिंबू नाय घातला त्यात, आईशप्पत."

"लिंबू कशाला पाहिजे? पाण्यात हा गॅस कोंबला की पाणीच आंबट होतं. तुम्ही वीस वर्षं आंबटावर आंबट पाजताय लोकांना."

शेठ त्या दिवशी जेवला नाही. सुमनवैनी, म्हणजे त्याची बायको, तिला वाटलं शहापूरला तिच्या माहेरी कोणी गेलं आणि हा लपवतोय. ती रडायच्या तयारीत बसली. मी सांगितलं, कोणी मेलं नाही, सोडा आंबट निघाला. तेव्हा ती म्हणाली, "मग जेवायला काय झालं मेल्याला?"

दुकानाच्या पाटीवर 'पाचक सोडा' असं लिहिलेलं होतं. शेठनं शिडी लावून 'पाचक'वर डांबर फासलं. इमानदार माणूस. पण लोक विचारू लागले, डांबराखाली काय लिहिलंय? मुद्दाम झाकलंय म्हणजे काहीतरी भारी असणार. पुढच्या उन्हाळ्यात खप वाढला.

डॉक्टरांना त्याची दया आली असावी. त्यांनी त्याला दुसरी एक गंमत दाखवली. पानवाल्याकडचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवायचा, वरची स्वच्छ निवळी काढायची आणि नळीनं तिच्यात फुंकर घालायची. निवळी ताकासारखी पांढरी होते. मग तिच्यात शेठच्या टाकीतला गॅस सोडला, तर तीही पांढरी. म्हणजे सोड्यातला गॅस आणि माणसाच्या उच्छ्वासातला गॅस एकच. डॉक्टर म्हणाले, "आपण जेवतो त्याचा शरीरात जाळ होतो. त्याचा हा गॅस. रक्तात मिसळला की रक्त किंचित आंबटाकडे झुकतं. छाती तो बाहेर टाकते म्हणून रक्त ठिकाणावर राहतं. टाकला नाही, तर माणूस आतून सोडा होतो."

एवढं ऐकून शेठ घरी आला तो वेगळाच माणूस होऊन आला. त्या दिवसापासून दुकानाच्या फळीवर निवळीचा पेला आणि नळ्या कायम ठेवलेल्या. गिऱ्हाईक सोडा पिऊन झालं की शेठ म्हणायचा, "आता फुका ह्याच्यात. बघा, तुमी पण सोडाच बनवता. फक्त तुमचा कोण विकत घेत नाय." टोकावड्याकडच्या एका म्हाताऱ्याला हे फुंकणं समजलं नाही. त्याला वाटलं फुकटचं सरबत आहे. त्यानं नळीनं वर ओढलं.

"थुका! थुका!" शेठ ओरडला.

म्हातारा थुंकला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "पान नाय, सुपारी नाय, नुसता चुनाच लावतंस काय रं?"

श्वास मोजायची सवय त्यानंतरची. भिंतीवरच्या घड्याळाकडे एक डोळा आणि गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे एक डोळा. "चवदा. झकास. घरी जा." "बावीस. धावत आलाव का कोणाच्या शिव्या खाल्ल्याव?" माणूस खोटं बोलतो, छाती नाय बोलत, असं त्याचं म्हणणं होतं. बायकांच्या बाबतीत हा कारभार चालण्यासारखा नव्हता, पण हे त्याच्या ध्यानात आलं नाही. बाजाराच्या दिवशी एक बाई सोडा पीत होती. शेठ मिनिटभर एकटक बघत राहिला आणि शेवटी खुशीत येऊन म्हणाला, "अठरा!"

बाईनं बाटली ठेवली, पायातली चप्पल काढली आणि त्याच्या खांद्यावर दोन हाणल्या. "माझं वय इचारतंस काय? की आणखी काय मोजतंस?"

तेव्हापासून बायकांचे श्वास मोजायचं काम माझ्याकडे आलं. मी चौथी पास, शंभरापर्यंत आकडे येत होते, आणि शंभर श्वास मिनिटाला कोणीच घेत नाही. मला त्यात काही गोडी नव्हती. पण बाटल्या धुताना हात चालू असतात, डोळे रिकामेच असतात. मोजायचे.

शेठला एखादी गोष्ट समजली की तो ती आपल्या भाषेत घडी करून ठेवायचा. एकदा दुकानात पाचसहा जण बसले होते तेव्हा त्यानं सांगितलं, "अंगात आंबट वाढलं का दोन माणसं कामाला लागतात. पहिली छाती. ती म्हंजे एसटीचा कंडक्टर. गर्दी झाली का लगेच घंटी मारतो, चला चला, उतरा उतरा. श्वास जोरात होतो, गॅस बाहेर, आंबट कमी. दोन मिंटाचं काम. दुसरं आपलं मूत्रपिंड. ते म्हंजे तलाठी. आज सांगितलं तर चार दिवसांनी उठणार. पण एकदा कामाला बसला का आंबट मुतावाटे काढणार, आंबट मारणारा खार राखून ठेवणार, सगळं पक्कं करणार. कंडक्टरसारखं वरवरचं नाय."

बाकाच्या टोकाला जिरा सोडा पीत खरोखरचे तलाठी बसले होते. ते म्हणाले, "शेठ, मुताच्या कामाला मलाच लावलंत?"

"साहेब, मान दिला तुमाला! तुमच्याबिगर गाव चालतंय काय?"

"आणि चार दिवस कशाला म्हणालात?"

"बरं, तीन म्हणतो."

सगळे हसले. तलाठी हसले नाहीत. त्यानंतर शेठला शेताचा सातबारा मिळायला दोन महिने लागले. शेठ मला म्हणाला, "बघितलंस? मूत्रपिंड बिघडलं का असं होतं."

ह्या ज्ञानाचा कोणाला उपयोग झाला का, असं कोणी विचारलं तर दोन वेळा झाला. तिसऱ्या वेळचं पुढं सांगते.

एका वैशाखात स्टँडवर एक नवी नवरी आणि तिची सासू बसची वाट बघत बसल्या होत्या. पोरगी माहेराहून सासरी निघालेली. बघता बघता ती धापा टाकायला लागली, ओठ थरथरले, हाताची बोटं कोंबडीच्या पायासारखी आत वळली. सासू ओरडली, "वारं आलं गो, वारं आलं!" स्टँडवर एक भगत होताच. असे लोक नेमके असतातच. त्यानं सासूच्याच पिशवीतला नारळ काढला आणि घुमायला लागला. डॉक्टर जेवायला घरी गेले होते. शेठ तीन पायऱ्या उतरून, मध्ये एकदा थांबून, तिथं पोचला.

"वारं बिरं काय नाय आलं," तो म्हणाला. "उलट हिनं घाबरून आतला गॅस भसाभसा बाहेर टाकलाय. आंबट पार उतरलं, म्हणून बोटं वळली." मग पोरीसमोर बसला. "पोरी, तुझ्या माहेरात माणसं किती? नावं सांग बघू. सगळ्यात म्हाताऱ्यापासून. एकेक, सावकाश."

पोरगी धापेतच म्हणाली, "आ...जा..."

"आज्याचं नाव नाय काय? नाव सांग."

"गो...विंद."

"मग?"

बोलायचं म्हटलं की धापा टाकता येत नाहीत, एवढीच त्याची युक्ती. आजी, मोठा काका, काकी, त्यांची पोरं, आत्या, विधवा मावशी असं करत पोरगी एकोणिसाव्या नावाला आली आणि तिची बोटं उघडली. श्वास सरळ झाला. मी मोजला, सोळा. सासू इतका वेळ बोटांवर माणसं मोजत होती. ती म्हणाली, "एवढी माणसं हाईत घरात, तर लग्नात मानाचं लुगडं एकच कसं आलं?"

पोरगी परत धापा टाकायला लागली.

मग शेठनं सासूला उठवून दुकानात नेऊन बसवलं आणि पोरीला परत आज्यापासून सुरुवात करायला लावली. भगतानं नारळ काही परत दिला नाही.

डॉक्टर आले, सगळं ऐकलं आणि शाबासकी द्यायच्या ऐवजी चिडले. "नशीब समजा. जोरात श्वास चालला की प्रत्येकाचा थांबवायचा नसतो. साखरेच्या आजारात रक्त खरंच आंबट होतं, तेव्हा छाती जोरात चालते ती माणसाला वाचवायला. तिथं तुम्ही नावं विचारत बसलात तर नावं सांगता सांगता मरेल तो. तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो का ते बघायचं, आणि काही असो, माझ्याकडे आणायचं."

शेठ पुढं महिनाभर लोकांची तोंडं हुंगत होता. मुरबाडात तेव्हा कोणाच्या तोंडाला कसला वास येतो हे सांगण्यासारखं नाही. वैतागला बिचारा.

पण पुढच्याच वर्षी वैनीचा भाऊ नाना शहापूरहून आला. आला तो लटपटत, आणि श्वास बैलासारखा, खोल आणि भराभर. खोकला नाही, ताप नाही. "तहान लागलीय" म्हणून त्यानं पाच लिंबू सोडे प्यायले. वैनीनं त्याचा अवतार बघितला आणि कमरेवर हात ठेवले. "सकाळीच ढोसून आलास? बापाचं नाव काढलंस!"

"देवाशपथ नाय गो ताई, थेंब नाय घेतला."

"मग झुलतंस कशाला?"

शेठ पुढं झाला, मेव्हण्याच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि दचकून मागं सरला. "हिला दारूचा वास कळत नाय. पिकलेल्या पेरूचा वास हाय हा. चांगुणे, मोज."

मी मोजले. चौतीस.

शेठनं नावं विचारली नाहीत. दुकान उघडं टाकून मेव्हण्याला दंडाला धरून रस्ता ओलांडून नेला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर किती तरी वर गेली होती. त्यांनी लगेच सलाईन लावलं, सुई दिली आणि जीपमध्ये घालून कल्याणला पाठवलं. नाना वाचला. डॉक्टर शेठला म्हणाले, "एक तास उशीर झाला असता तर कठीण होतं. शाबास. पण आधी पाच गोड सोडे कोणी पाजले?"

शेठ म्हणाला, "ते... गिऱ्हाईक म्हणून आला व्हता तेव्हा."

ही गोष्ट त्यानं पुढं दोन वर्षं सांगितली. त्यात सोडे आधी पाचाचे तीन झाले, मग एक, मग नाना पाणी प्यायला असं झालं.

आता तिसरी वेळ. ती माझ्या हातून झाली, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात शेठचा दम फारच गेला. ओठ निळसर, नखं निळसर, रात्री बसून झोपायचा. डॉक्टरांनी त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं, "तुमचा कंडक्टर म्हातारा झालाय. गॅस बाहेर पडत नाही, आतच साठतोय. इतकी वर्षं तुमच्या तलाठ्यानं खार राखून रक्त सांभाळलं म्हणून तुम्ही चालतेबोलते आहात. आता त्याच्याच्यानं होत नाही."

"जत्रेला उभा राहीन ना?"

"आधी दिवाळीला उभे राहा."

दुकानामागच्या खोलीत ऑक्सिजनची टाकी आली. त्या दिवशी बिडी सुटली. कोणाच्या उपदेशानं नाही. डॉक्टर म्हणाले, ह्या टाकीजवळ काडी ओढलीत तर दुकान, बायको, चांगुणाबाई सगळं एकदम जाईल. सोडावाला स्फोटाला जेवढा भितो तेवढा यमाला भीत नाही.

टाकीवर एक काचेची उभी नळी होती, तिच्यावर आकडे आणि आत एक बारीक गोटी. डॉक्टरांनी चावी फिरवून गोटी एकच्या आकड्यावर आणली आणि म्हणाले, "ही इथंच राहील. कोणी हात लावायचा नाही." मी तिथंच उभी होते. ऐकलं नाही असं मी म्हणणार नाही.

चारपाच दिवसांनी दुपारी शेठला फार धाप लागली. ओठ जांभळे. वैनी घाबरली. तिनं टाकीकडे बघितलं आणि म्हणाली, "चांगुणाबाय, गोटी बघ गो. पार खाली पडलीय."

मी बघितलं. खरंच खाली होती, डॉक्टरांनी ठेवली तिथंच, एकवर. चौदा वर्षं रोज शेकडो बाटल्या माझ्या हातून गेल्या होत्या. गोटी खाली, गॅस कमी. मी चावी फिरवली. गोटी सरसर वर गेली आणि नळीच्या डोक्याला जाऊन थरथरत राहिली. आम्हा दोघींनाही बरं वाटलं. अर्ध्या तासात शेठचा चेहरा नवरदेवासारखा गुलाबी झाला.

"रंग आला," वैनी म्हणाली.

मग शेठ बोलायला लागला. वैनीकडे बघून म्हणाला, "सुमन, तू आज काय दिसतेस गो." बत्तीस वर्षांत त्यानं असं काही म्हटलं नव्हतं. वैनी लाजली, पदर नीट केला. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं की ह्या माणसाच्या मेंदूत काहीतरी बिघडलंय. मग त्याचे हात पंख फडफडावेत तसे हलले आणि तो झोपला. घोरायला लागला. "किती दिवसांनी डोळा लागला," म्हणून वैनी चहा ठेवायला गेली.

मी बसून होते. हाताला काम नव्हतं. सवयीनं मोजायला लागले. मिनिटाला सहा भरले. मला वाटलं चुकले. परत मोजले. पाच. "शेठ, ओ शेठ" करून हलवलं. डोळे उघडले नाहीत.

मी धावले. डॉक्टर एका पायात चप्पल घालून आले. आधी नळीकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"कोणी केलं हे?"

वैनी म्हणाली, "गोटी खाली..."

मी म्हटलं, "मी केलं."

त्यांनी गोटी एकवर आणली, शेठला उठवून बसवला, गालावर चापट्या मारल्या, कानात ओरडले, "दामूशेठ, श्वास घ्या! घ्या श्वास!" शेठ एक श्वास घ्यायचा आणि विसरून जायचा. कल्याणपर्यंत जीपमध्ये मी त्याच्या एका कानाशी आणि डॉक्टर दुसऱ्या कानाशी ओरडत होतो. तिथं तीन दिवस तोंडावर मुखवटा बांधून मशीननं त्याला श्वास दिला. डॉक्टर मला नंतर म्हणाले, "ह्या आजारात आत गॅस साठून साठून मेंदू त्याकडे लक्ष द्यायचं सोडतो. हवा कमी पडतेय, एवढ्या एका धाकावर श्वास चाललेला असतो. तुम्ही हवा भरपूर दिलीत, धाक संपला, श्वास मंदावला. आतला गॅस आतच. रक्त आंबट होत गेलं, आणि बाहेरून मात्र गुलाबी." मग म्हणाले, "मोजलेत म्हणून वाचला." मी म्हटलं, "मी फिरवली नसती तर मोजायची वेळच आली नसती." त्यांनी मान डोलावली. खोटं बोलणारा डॉक्टर नव्हता.

शेठ घरी आल्यावर दोन दिवस मी त्याच्यासमोर गेले नाही. बाटल्या धुतल्या. तिसऱ्या दिवशी त्यानं हाक मारली.

"चांगुणे, इतकी वर्षं घसा फोडून काय सांगत आलो मी? आत गॅस राहिला का काय होतं?"

"माणूस सोडा होतो."

"ऐकलं होतंस ना?"

"ऐकलं होतं."

"मग?"

"गोटी खाली होती."

शेठनं नळीकडे बघितलं. मग म्हणाला, "हां. गोटी खाली म्हटल्यावर... मी पण तेच केलं असतं." आणि जरा वेळानं, आवाज बारीक करून, "ती काय सांगत फिरतेय, मी तिला काय बोललो म्हणून?"

"चांगल्या दिसता, असं."

"रक्त आंबट झालं व्हतं म्हणावं."

वैनी दारामागंच होती. त्या रात्री शेठला नुसता भात मिळाला.

पौष जवळ आला. शेठचा मुलगा आसनगावला राहायचा, रोज लोकलनं मुंबईला नोकरीला जायचा. त्यानं येऊन बजावलं, "बाबा, जत्रा बंद. धुळीत मराल." डॉक्टरही नाही म्हणाले. शेठनं दोघांचंही ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाय गेलो तर नाय मरणार, असं लिहून देता काय?" कोणी लिहून दिलं नाही. शेवटी ठरलं ते असं, की एकच दिवस, खुर्चीवर बसून, नाकाला फडका बांधून आणि टाकी बरोबर घेऊन. डॉक्टरांनी चावी एकच्या आकड्यावर ठेवून तारेनं करकचून बांधली. बांधताना माझ्याकडे बघत होते.

त्या जत्रेनंतर शेठ मला दिसला नाही. जत्रा झाल्यावर दोन दिवसांत मुलगा त्याला आसनगावला घेऊन गेला. वैशाखात शेठ तिकडेच गेला. निरोप आला तेव्हा सगळं उरकलं होतं. मेलेला मी पाहिला नाही, आणि त्याची मला खंत नाही. मेलेली माणसं सगळी सारखीच दिसतात. मी पाहिला तो जत्रेतला.

जत्रेत टाकलेल्या दुकानाच्या मागच्या बाजूला खुर्ची, तीवर शेठ, अंगावर नवी घोंगडी, नाकात नळी, शेजारी त्याच्या छातीइतकी उंच टाकी. सकाळपासून तो लोकांची बटणं बघत होता. मोठ्यानं ओरडायचा दम नव्हता, म्हणून आकडा मला बोटांनी दाखवायचा आणि मी गिऱ्हाइकाला सांगायचे. खूश होता. दुपारी एक धिप्पाड बैलवाला आला. त्यानं माझ्यापुढची लहान गॅसची टाकी बघितली, मग शेठजवळची मोठी बघितली, आणि म्हणाला, "मला ह्यातला नको. शेठ स्वतः पितोय ना, त्या टाकीतला द्या. अस्सल माल तोच असणार."

"ती औषधाची टाकी हाय," मी म्हटलं.

"मग तर तोच द्या. दोन रुपये जास्त घ्या."

शेठला हसू फुटलं. हसायला जितका श्वास लागतो तितका त्याच्याकडे नव्हता. खांदे हलत राहिले, ओठ निळे पडले, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसतच होता. माझा हात आपोआप त्या चावीकडे गेला. तारेला बोट लागलं. शेठनं हसता हसताच माझ्या हातावर चापट मारली आणि एक बोट वर करून माझ्या डोळ्यांसमोर धरलं. एक. एकवरच.

बैलवाला खुर्चीजवळ सरकला आणि म्हणाला, "एक कशाला शेठ, दोन द्या. मंडळी पण आलीय."